छपराखालील फेस : त्याचे प्रकार व तो काढण्याची रीत

रोहिणी नक्षत्र निघाले की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यावाड्यांतून एक ओळखीचा आवाज ऐकू येऊ लागतो. कौलावर कौल आपटल्याचा तो आवाज. शिडी लावून गडी आढ्यापर्यंत चढलेला असतो. खाली अंगणात घरची मंडळी फुटक्या कौलांची एक व धड कौलांची दुसरी अशा राशी लावीत असतात. आणि वर्षभराचा पाला, शेवाळ, उंदरांची घरटी हे सर्व केरसुणीने वरून खाली येत असते. ह्या कामास आपण शाकारणी म्हणतो. वस्तुतः शाकारणे हा शब्द गवताने किंवा पेंढ्याने छप्पर आच्छादण्याचा. परंतु गवत गेले, कौले आली, आणि शब्द मात्र जुनाच राहिला.

अलीकडे ह्या आवाजात खंड पडू लागला आहे. मुलगे मुंबईस, पुण्यास किंवा त्याहूनही दूर नोकरीस. घरी वृद्ध आईबाप, नाही तर दारास कुलूप. कौलांवरून न फोडता चालण्याची कला अवगत असलेला गडी मिळणे दुरापास्त, आणि मिळालाच तर तो त्याच आठवड्यात दहा घरी बांधलेला असतो. त्यातच माकडांचा उपद्रव असा वाढला आहे की, सकाळी बसविलेले कौल संध्याकाळी शाबूत असेल ह्याची हमी कोणी द्यावी? अशा अडचणीतील गृहस्थास कोणी येऊन सांगितले की, "कौलांच्या खालून एकदा फोम मारून घ्या, गळती बंद, उकाडा बंद, शाकारणी कायमची बंद," तर त्याचे मन वळल्यास नवल नाही. अनेक पालकांनी आम्हांस ह्याविषयी विचारले आहे. एका विद्यार्थ्याने तर विज्ञानाच्या तासालाच शंका काढली की, फेसासारखी वस्तू छप्पर कशी सांभाळणार? प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत मावले नाही, म्हणून ते येथे देत आहो.

आधी उष्णतेचा विचार करू, आणि त्यासाठी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊ. मच्छीमार नौका समुद्रात निघण्यापूर्वी तिच्या पोटातील खणांत बर्फ भरतात. पूर्वी बर्फाच्या लादीभोवती लाकडाचा भुसा व गोणपाट गुंडाळीत. भुसा बर्फास गार करीत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. तो केवळ बाहेरची उष्णता आत जाऊ देत नाही. त्याचे कारण भुशाच्या लाकडात जितके आहे त्याहून अधिक त्याच्या कणांमध्ये अडकलेल्या हवेत आहे. स्वस्थ बसलेली हवा उष्णतेची मोठी कृपण वाहक आहे. पोलादातून उष्णता जितक्या सहज वाहते त्याच्या सुमारे दोन हजारांव्या हिश्शानेच ती थांबलेल्या हवेतून वाहते. मात्र हवा थांबली पाहिजे. तिला मोकळी जागा मिळाली की ती तापून वर जाते, गार होऊन खाली येते, आणि उष्णता पाठीवर घेऊन हिंडू लागते. तेव्हा हवेचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकास एकेका कोठडीत डांबणे, एवढीच काय ती युक्ती. गोधडी हेच करते, पक्ष्याचे पीस हेच करते, भुसा हेच करतो, आणि आजच्या नौकांच्या खणांच्या भिंतींत भरलेला फेसही हेच करतो.

छपरास उष्णता लागते ती दोन वाटांनी. उन्हाने पत्रा किंवा कौल तापते, आणि तापलेली वस्तू खालच्या हवेस तर तापवितेच, परंतु त्याहून अधिक त्रास ती स्वतः किरण फेकून देते. वैशाखात पत्र्याच्या खोलीत दुपारी बसणाऱ्यास डोके तापल्यासारखे वाटते ते ह्या किरणांमुळे. शेजारीच झावळ्यांच्या मांडवात हवा तितकीच उष्ण असूनही बसवते. पत्र्याच्या पोटास फेसाचा थर दिला तर थराची खालची बाजू तापत नाही, आणि हे किरण थांबतात. इतका भाग निर्विवाद आहे. फेसाने उकाडा कमी होतो काय, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर 'होतो' असेच आहे. खरा प्रश्न पुढे आहे.

हा फेस ज्या द्रव्याचा होतो त्यास पोलीयुरेथेन म्हणतात. जर्मनीतील लेव्हरकूझेन येथे ओटो बायर ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली ते शोधून काढले. (ज्या बायर कंपनीची औषधे आपण घेतो तिच्या संस्थापकांच्या कुळाशी ह्या गृहस्थांचे काही नाते नव्हते, नामसाम्य केवळ योगायोगाचे.) कारागीर दोन पिंपे घेऊन येतो. एकात आयसोसायनेट जातीचा द्रव असतो. दुसऱ्यात पोलिऑल व त्याबरोबर क्रिया त्वरित घडविणारी, बुडबुडे सारखे ठेवणारी व आगीस अडविणारी द्रव्ये मिसळलेली असतात. दोन्ही द्रव तापवून, मोठ्या दाबाने, दोन वेगळ्या नळ्यांतून पिचकारीच्या तोंडाशी आणतात. तेथे त्यांची गाठ पडते, आणि बाहेर उडालेला फवारा काही सेकंदांतच फुगून जागच्या जागी घट्ट होतो. एकदा घट्ट झालेला हा पदार्थ मेणासारखा पुन्हा वितळत नाही. ही एक गोष्ट वाचकांनी गाठीस बांधून ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

फेसाचे मुख्य प्रकार दोन: उघड्या कोठड्यांचा व बंद कोठड्यांचा.

उघडा फेस पाण्याने फुगतो. पाणी व आयसोसायनेट ह्यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, तो बुडबुडे करतो, आणि बुडबुड्यांच्या भिंती फुटून त्यांची एकमेकांत दारे पडतात. आंबोळीस जशी जाळी पडते तसाच हा प्रकार. द्रवाच्या सुमारे शंभरपट तो फुगतो. एका घनमीटरचे वजन आठ ते बारा किलो एवढेच. बोटाने दाबला तर दबतो, आवाजही चांगला अडवितो. परंतु दारे उघडी असल्यामुळे वाफ व पाणी त्यातून आरपार जाते, आणि स्पंजाप्रमाणे तो पाणी धरूनही ठेवतो. ज्या प्रांतात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो व कपाटातील जोड्यांवर बुरशी येते, तेथे हा गुण की दोष, हे सांगावयास नको.

बंद फेसाच्या कोठड्या एकेकट्या मिटलेल्या असतात. शंभरांत नव्वदांहून अधिक कुप्यांस दार नसते. त्याचे वजन घनमीटरास तीस-पस्तीस किलो भरते, तो तीस-चाळीसपटच फुगतो, आणि वाळल्यावर लाकडासारखा टणक होतो. कुप्यांत अडकविलेला वायू हवेहूनही उष्णतेचा कृपण असल्यामुळे चार इंची उघडा फेस जे काम करतो ते हा सुमारे अडीच इंचांत करतो. ह्या वायूंचा इतिहासही जाणण्याजोगा आहे. प्रारंभी जे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वापरीत ते वातावरणातील ओझोनचा थर खातात असे आढळून आले. १९८७ साली माँट्रिअल येथे राष्ट्रांनी करार करून ते बंद करण्याचे ठरविले. त्यांच्या जागी आलेला एचसीएफसी-१४१बी हा सौम्य, पण त्याच कुळातला. आपल्या देशाने तोही १ जानेवारी २०२० पासून बंद केला. म्हणून जुना फेस व नवा फेस दिसावयास सारखे असले तरी पोटात एक नव्हेत.

ह्याखेरीज दोन किरकोळ प्रकार आहेत. दारा-खिडक्यांच्या चौकटीभोवतीच्या फटी भरण्यासाठी डब्यातून मिळणारा फेस हवेतील ओलाव्याने घट्ट होतो. तो छपरासाठी नव्हेच. दुसरा, गच्चीवर वरून मारावयाचा जड व कठीण फेस. त्यावर रंगाचा रक्षक थर द्यावा लागतो, कारण उघड्या उन्हात हा फेस पिवळा पडून त्याची पूड होऊ लागते.

मारण्याच्या क्रियेविषयी एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. आयसोसायनेटची वाफ किंवा धुके श्वासात गेल्यास दमा जडतो, आणि एकदा शरीरास त्याचे वावडे निर्माण झाले की पुढे अल्पसा संपर्कही सोसत नाही. १९८४ साली भोपाळ येथे ज्या वायूने हजारो माणसे मारली तो मिथाइल आयसोसायनेट होता. फेसाचे द्रव्य त्याच कुळातील असले तरी निराळे आहे व त्या मानाने फारच कमी उडते. घरोघर भोपाळ होईल असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. परंतु कारागिरास बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा हवा, आणि काम चालू असता व निदान पुढचा एक दिवस घरच्यांनी दुसरीकडे राहावे, हे अनिवार्य आहे. तोंडास रुमाल बांधून फवारा मारणारा तरुण पाहिला की आम्हांस त्याच्या आईची आठवण होते. दोन द्रवांचे प्रमाण चुकले तर फेस चिकट राहून महिनोन्महिने वास देतो. एकाच वेळी फार जाड थर दिला तर आतल्या आत तापून तो करपतो. शिवाय हा पदार्थ जळतो. आग अडविणारी द्रव्ये आगीस उशीर लावतात, तिला हाकलून देत नाहीत. आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे दोन्ही विषारी वायू निघतात. ज्या घरात अजून चूल पेटते किंवा वाशांवरून जुन्या विजेच्या तारा ओढलेल्या आहेत तेथे हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या कौलारू छपराकडे वळू. जुनी नळीची कौले कुंभाराच्या हातची, एकावर एक पालथी घातलेली. त्यांच्या जागी आली ती मंगळुरी कौले. बासेल मिशनचे मिशनरी गेओर्ग प्लेब्स्ट ह्यांनी १८६५ साली मंगळूर येथे नेत्रावती नदीच्या काठी कौलांचा कारखाना काढला. यंत्राने दाबून केलेले हे कौल सपाट, दोन्ही कडांस खोबण, आणि पाठीस रिपेला अडकावयाचे नाक. शेजारच्या कौलाच्या खोबणीत कड बसते, वरचे कौल खालच्यावर झुकते, आणि खिळा किंवा चुना न लावता साऱ्या पाख्याची ढाल तयार होते. चौरस मीटरास अशी सुमारे पंधरा कौले लागतात.

ह्या ढालीची खुबी अशी की, ती पाणी पूर्णपणे अडवीत नाही. हे वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल, पण ते खरे आहे. मातीचे कौल पाऊस थोडा पिते. वाऱ्याच्या झडीने दोन कौलांच्या सांध्यातून तुषार आत येतात. कोठे केसाएवढी चीर असते. छप्पर तरीही टिकते, कारण कौलांच्या खाली वारा खेळतो. वळचणीतून हवा आत येते, आढ्याजवळच्या फटींतून बाहेर जाते, आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली की कौल, रीप व वासा तिन्ही पाठीमागून वाळतात. शतकभर उभे असलेले सागाचे वासे पाणी न लागल्यामुळे टिकले नाहीत. भिजून पुन्हा वाळत गेल्यामुळे टिकले. आणि बिघडले तर माजघरात उभे राहून वर पाहिले की उजेडाचा कवडसा दिसतो. ते एक कौल काठीने सरकवून बदलता येते. सबंध छपरास हात न लावता त्याचा एक तुकडा काढता-घालता यावा, ही सोय फार थोड्या छपरांत आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली व मंडणगड तालुक्यांतील घरांची कौले व पत्रे उडाले, तेव्हाही कौलारू घरांच्या अंगणात फुटक्यांतून धड कौले वेचून पुन्हा चढविण्याचे काम लोकांनी स्वतःच्या हातांनी आरंभिले.

आता ह्याच कौलांच्या पाठीस खालून बंद फेस मारला म्हणजे काय होते ते पाहा. वारा बंद. कौल पूर्वीप्रमाणेच पाऊस पिते, परंतु मागून वाळत नाही. रीप तर फेसात पुरलेली. तिच्या व कौलाच्या मध्ये शिरलेला ओलावा तेथेच राहतो, आणि ओले राहिलेले लाकूड कुजते. कौल फुटले तर पाणी जागच्या जागी गळत नाही. फेसाच्या पाठीवरून उतारास लागून ते दहा हात दूर भिंतीत उतरते, आणि गळती कोठे हे शोधणाऱ्याची मती गुंग होते. वाळवी फेस खाऊन जगत नाही, पण त्यातून भुयार काढते, आणि जे भुयार पूर्वी वाशावर मातीच्या रेघेप्रमाणे दिसे ते आता दिसत नाही. शेवटी, शेजारची दहा कौले एकमेकांस व रिपांस चिकटल्यामुळे एक कौल बदलणे अशक्य होते. माकडाने कौल फोडण्याचे मात्र थांबत नाही!

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत आमच्या एका स्नेह्यांचे वडिलोपार्जित घर आहे. स्नेही मुंबईस असतात. घर गणपतीत व मे महिन्यात उघडते. शाकारणीस गडी मिळेना, म्हणून त्यांनी माजघर व ओटीवरच्या पाख्यांस खालून बंद फेस मारून घेतला. पहिला पावसाळा उत्तम गेला; त्यांनी आम्हांस पत्र पाठवून आनंदही कळविला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर माजघराच्या भिंतीवर डाग आला, आणि गणपतीत घर उघडले तेव्हा ओल्या लाकडाचा वास दाराबाहेर येत होता. ज्यांनी फेस मारला होता ते काढण्यास येईनात. मारण्याचे काम आमचे, काढण्याचे नव्हे, असे त्यांचे उत्तर. उन्हाळ्यात फेस काढावयाचे ठरले तेव्हा आम्ही चार दिवस तेथे जाऊन राहिलो होतो.

उघडा फेस असता तर काम सोपे होते. लांब दात्यांच्या पात्याने तो वाशांच्या मधून लादीसारखा कापून निघतो, उरलेला पत्र्याच्या खुरपणीने व तारेच्या ब्रशाने खरवडता येतो. बंद फेसाची गोष्ट निराळी. प्रथम दोन वाशांमधला भाग करवतीने चौकोनी तुकडे करून काढावा लागतो. नंतर लाकडास चिकटलेला अर्धा-पाऊण इंच थर पटाशीने, अगदी उथळ हाताने, कारण जोर केला की वाशाचे लाकूडच त्याबरोबर निघते. कौलास चिकटलेला थर निघतो, पण बहुधा कौलाचा पापुद्रा घेऊन. आमच्या स्नेह्यांच्या मुलाने बाजारातून कसलेसे द्रावण आणून ओतले. त्याने हात तेवढे जळजळले. अॅसिटोनसारखी द्रावणे ओल्या फेसास विरघळवितात. वाळलेल्यास विरघळविणारे, आणि लाकूड व माणूस दोघांस सोडून देणारे द्रावण नाही. दुसऱ्या कोणी दिव्याची ज्योत लावून पाहावी असे सुचविले. ते आम्ही आवाज चढवून थांबविले. वर सांगितलेच आहे की हा पदार्थ वितळत नाही. तो जळतो, आणि त्याचा धूर बंद माजघरात प्राणघातक आहे.

परदेशांत एक आणखी पद्धत आहे. गोठविलेला कार्बन डायऑक्साइड, ज्यास सुका बर्फ म्हणतात, त्याचे तांदळाएवढे दाणे हवेच्या जोराने फेसावर मारतात. उणे अठ्ठ्याहत्तर अंश थंडीने फेस ठिसूळ होऊन गळून पडतो, आणि दाणे वाफ होऊन उडून जातात; मागे पाणी उरत नाही. यंत्र महाग, व बंद जागेत हा वायू साचून गुदमरण्याची भीती, म्हणून हवा खेळती ठेवावी लागते. खेड्यापाड्यांतील घरी सध्या तरी पटाशी व करवत ह्यांवरच भिस्त ठेवावी लागेल. काम कोणत्याही रीतीने केले तरी धूळ फार उडते. डोळ्यांस चष्मा, नाकातोंडास बारीक धूळ अडविणारा मुखवटा, अंगभर कपडे, आणि खालच्या खोलीतील धान्य, भांडी व देव्हारा आधी बाहेर काढलेला. ह्यात कसूर नको. निघालेला फेस कोणी भाजावळीत किंवा उकिरड्यावर पेटवू नये. तो पोत्यांत बांधून नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत जेथे कचरा घेते तेथे द्यावा. त्याचे पुन्हा काही होत नाही, ही त्याची आणखी एक उणीव. फुटक्या कौलाची निदान ओटीच्या भरावात भर तरी पडते.

हा अनुभव केवळ कोकणातलाच नाही. ब्रिटनमध्ये थंडीपासून रक्षण व्हावे म्हणून पुष्कळ घरांच्या पोटमाळ्यावर, पाटीच्या दगडाच्या किंवा कौलांच्या छपराखाली, हाच फेस मारण्यात आला. पुढे घर विकावयाची वेळ आली तेव्हा काही कर्जसंस्थांनी अशा घरांवर कर्ज देण्याचे नाकारले. कारण फेसाखालील लाकूड धड आहे की कुजले, हे पाहताच येईना. तेथे आता फेस मारणाऱ्यांप्रमाणे फेस काढणाऱ्यांचाही धंदा उभा राहिला आहे, आणि काही घरी दुसऱ्याचे बिल पहिल्याहून मोठे येते.

ह्यावरून फेस हा पदार्थच वाईट असा समज कोणी करून घेऊ नये. नौकेच्या बर्फाच्या खणात, आंब्याच्या शीतगृहाच्या भिंतींत, दोन पत्र्यांच्या मध्ये कारखान्यातच भरलेल्या, व्यापारात 'पफ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फळ्यांत, त्याच्यासारखा दुसरा सेवक नाही. ह्या ठिकाणी तो धातूच्या किंवा तशाच न भिजणाऱ्या कवचात बंद असतो, लाकूड त्याच्यावर अवलंबून नसते, आणि पफची फळी स्क्रू काढून सबंधच्या सबंध उतरविता येते. नवे पत्र्याचे छप्पर घालणाऱ्याने पत्र्यास खालून फवारा मारून घेण्यापेक्षा अशा फळ्यांचा विचार करावा, असे आमचे मत आहे. कौलारू घरात उकाडा फार होत असेल तर पूर्वजांची तक्तपोशी आहेच. वाशांच्या खाली फळ्यांचे किंवा बांबूच्या तट्ट्याचे छत घालावे, त्याच्या व कौलांच्या मध्ये हातभर पोकळी ठेवावी, वळचण व आढे ह्यांच्याकडील वाट मोकळी ठेवावी. कौलाचे किरण तक्तपोशीवर थांबतात, आणि मधली तापलेली हवा आढ्यातून निघून जाते. सिमेंटच्या गच्चीस उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात दिला तरी खालची खोली उल्लेखनीय इतकी निवते, आणि ह्या उपायास खर्च सर्वांत कमी.

येथे सिमेंटच्या जुन्या नागमोडी पत्र्यांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ह्यांतील पुष्कळांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा धड आहे तोवर तंतू बांधलेले असतात. तो फोडला, करवतीने कापला किंवा कोरडा घासला की ते हवेत मिसळतात, आणि श्वासावाटे गेलेले तंतू पुष्कळ वर्षांनी फुप्फुसाचे असाध्य रोग उत्पन्न करतात. असा पत्रा काढावयाचा झाल्यास पाण्याने भिजवून, खिळे सोडवून, अखंड उतरवावा. त्यावर फेस मारणे तर दुहेरी चूक, कारण मग तो अखंड उतरत नाही.

स्नेह्यांच्या घरी तीन माणसे अकरा दिवस खपली. सुमारे पंधराशे कौलांपैकी सहाशेच पुन्हा घालण्याजोगी निघाली; रिपा सर्व बदलाव्या लागल्या, आणि ओटीकडील चार वासे पटाशीच्या टोकाने भाकरीसारखे तुटले म्हणून तेही. फेसाखाली एका रिपेच्या कडेने वाळवीचे घर आढ्यापर्यंत पोहोचले होते. अजून दोन पावसाळे गेले असते तर आढेच खाली आले असते, असे सुताराचे म्हणणे. जुन्या घाटाची कौले मिळविण्यासाठी स्नेह्यांनी पडलेल्या तीन घरांच्या मालकांस गाठले. कौले चढली ती मृगाच्या आदल्या संध्याकाळी. माजघरावर त्यांनी ह्या खेपेस दोन काचेची कौले मुद्दाम बसवून घेतली आहेत, आणि वाडीतील दोन तरुणांस शाकारणीचे काम शिकविण्यासाठी तेथील एका वृद्ध गड्यास वर्षासन बांधून दिले आहे. पहिल्या पावसात आढ्याजवळ दोन ठिकाणी गळले. तरुणांपैकी एकाने काठीने कौल सरकविले, आणि गळावयाचे थांबले.